कशापोटी?

चेंबूर गावठाण,
मुंबई ४०० ०७१
दि. ८ फेब्रुवारी

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

कराडच्या जागेवर घर बांधायला काढतोयस, हे वाचून फार बरं वाटलं. काकांनी लावलेला आंबा तेवढा वाचव, बाबा. नकाशा आणि दरांची चौकशी तू केली असशीलच. मला तुला सांगायचंय ते पैशांच्या वहीबद्दल. आमच्या घराच्या वेळी ती मी उशिरा घातली आणि त्यापायी एका भल्या माणसाला दुखावून बसलो.

आमचं जुनं कौलारू घर उतरवून त्याच जागी तळमजला आणि वर एक मजला चढवला. मी सकाळी ऑफिसला गेलो की रात्रीच घरी. साइटवर भाऊ असायचा. पैसे तिघांच्या हातून जात होते. मी यूपीआयने द्यायचो, भाऊ रोख द्यायचा, पाण्याच्या टँकरचे आई परस्पर देऊन मोकळी व्हायची. मोबाइलमध्ये सगळं दिसतं, मग लिहून काय ठेवायचं, असं मला वाटायचं.

दुसरा स्लॅब ओतून झाला आणि ठेकेदाराने बिल दिलं. भाऊ म्हणाला, "ह्यातले चाळीस हजार मी मुकादमाकडे दिलेत, ते वजा कर." ठेकेदार म्हणाला, "माझ्या बिलात ते येत नाहीत." आवाज चढले. मी त्याला चार माणसांत खोटं ठरवलं. तो काही न बोलता निघून गेला आणि काम चार दिवस बंद पडलं. स्लॅबखाली आधाराला लावलेल्या सेंट्रिंगच्या प्लेटांचं भाडं रोजचं रोज चढत होतं, ते वेगळंच.

शेवटी मुकादमाने खिशातून छोटी डायरी काढली. घामाने पानं एकमेकांना चिकटलेली. एका पानावर पेन्सिलने लिहिलं होतं: राडारोडा २२,०००, हमाली १८,०००. खाली भाऊची सही. मग सगळा उलगडा झाला. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. रेती, खडी, विटा नाक्यावर उतरवायच्या आणि घमेल्यांनी आत आणायच्या. जुन्या घराचा राडारोडाही तसाच बाहेर न्यायचा. हे काम ठेकेदाराच्या दरात धरलेलंच नव्हतं, म्हणजे माणूस खरं बोलत होता. मी मानखुर्दला त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याच्या बायकोने चहा दिला, पण तो बराच वेळ माझ्याकडे बघेना. दिनू, ते माझ्या मनातून अजून जात नाही.

पैसे कोणाला, किती, कधी दिले हे यूपीआयमध्ये दिसतं. कशापोटी दिले ते आपण लिहिल्याशिवाय कळत नाही. त्याच रात्री मी लांब वही आणली आणि 'कशापोटी' हा रकाना सगळ्यांत रुंद आखला. उचल, आठवड्याची खर्ची (मजुरांना वाटायला बिलापोटी दिलेले पैसे), पक्कं बिल, माल, हमाली, यातलं नेमकं काय ते लिहायचं आणि घेणाऱ्याची सही लगेच घ्यायची. उचल आणि खर्ची बिलातून वजा होतात, हमाली होत नाही. कुठलं वजा होणार ते पैसे देतानाच तोंडावर बोलून घे. पैसे एकाच्याच हातून जाऊ देत. वहिनींनी व्यवहार बघितला तर उत्तमच, त्यांचं अक्षरही सुंदर आहे.

मालाचं चलन आलं तरी माप स्वतः घे. ब्रास म्हणजे १०० घनफूट. आमच्याकडे दोन ब्रास रेती म्हणून गाडी आली. भाऊने टेप लावली तर हौदा १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि रेती ३ फूट. म्हणजे १८० घनफूट, १.८ ब्रासच झाली. तेवढ्याचेच पैसे दिले. सळईचंही तसंच. व्यासाच्या मिलिमीटरचा वर्ग करून १६२ ने भागलास की एका मीटरचं वजन किलोत निघतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.७ किलो भरते. सळया मोजायच्या, गुणायचं आणि काट्याच्या पावतीशी ताडून बघायचं. दोन तास जातात, पण तुझ्याच कष्टाचे पैसे आहेत.

ठेकेदाराचे हप्ते कामाच्या टप्प्याला बांध. जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा, जो टप्पा पुरा होईल त्याचे पैसे. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेव आणि हे करारातच लिही. आमच्या जिन्याच्या कोपऱ्यात जुलैत ओल आली, तेव्हा त्याने स्वतः येऊन वॉटरप्रूफिंग परत केलं. गणपतीच्या आधी मी त्याचे उरलेले पैसे घरी नेऊन दिले. त्या दिवशी आम्ही दोघं नीट बोललो.

भूमिपूजनाची तारीख ठरली की कळव, रजा टाकतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विज्या

ता.क. तू कर्ज काढणार म्हणालास. बँक पैसे टप्प्याटप्प्याने सोडते आणि मधे माणूस पाठवून काम बघते. पुढचा हप्ता सुटेपर्यंत महिनाभराची खर्ची निघेल एवढी रोकड बाजूला ठेव. मजुरांना शनिवारी पैसे लागतातच.