माद्यांचे दिवस मोजताना

ॲन आर्बर, मिशिगन

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

उंदरांना उत्तेजक औषध टोचून त्यांचे धावणे मोजायला इतक्या दूर कशाला जावे लागते, असे तुम्ही फोनवर विचारलेत. तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

गाय २१ दिवसांनी माजावर येते आणि त्या दिवशी ती चारा टाकते, हंबरत राहते, दाव्याला हिसके देते, हे तुम्हाला मी सांगायला नको. उंदराच्या मादीचे हे चक्र ४-५ दिवसांतच पुरे होते. रोज सकाळी मी प्रत्येक मादीचा स्राव मिठाच्या पाण्याच्या थेंबात घेऊन काचेवर पसरते आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाळल्या पापुद्र्यांसारख्या चपट्या पेशींचा खच दिसला, की ती माजावर असल्याची नोंद करते. मग ॲम्फेटामिन हे उत्तेजक औषध टोचून तिला पिंजऱ्यात सोडायचे. तिथले न दिसणारे किरण ती किती वेळा ओलांडते, ते यंत्र मोजते.

त्याच मात्रेत मादी नरापेक्षा जास्त धावते, आणि माजाच्या सुमारास तर आणखीच. तिचे अंडाशय काढले की हा जोर ओसरतो. इस्ट्रॅडिऑल हे संप्रेरक दिले की परत येतो, कारण औषधामुळे मेंदूच्या स्ट्रायटम या भागात सुटणारे डोपामिन हे रसायन त्याने वाढते. नराचे तसे नाही. गोऱ्हा खच्ची केल्यावर जसा नरमतो, तसा खच्ची केलेला उंदीर या औषधापुढे फारसा नरमत नाही.

मादीच्या दिवसांमुळे आकडे हलतात, या सबबीवर कित्येक दशके बहुतेक प्रयोग नरांवरच झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून अनुदानाच्या अर्जात नर-मादी भेदाचा विचार मागायला सुरुवात केली. इतका उशीर झाला, याचा मला अजून राग येतो. औषधे काय बायका घेत नाहीत?

पुढचे तुम्हाला लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण आईला वाचून दाखवालच. पाळी सुरू झाल्यापासूनच्या पंधरवड्यात बायकांना ॲम्फेटामिनचा अंमल जास्त जाणवतो. नंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक वाढले की तो उतरतो. कोकेन घेणाऱ्या बायकांना प्रोजेस्टेरॉन देऊन पाहिले, तेव्हाही त्यांना नशेची गोडी कमी वाटली.

चहातले कॅफीनही उत्तेजकच आहे. एरवी ४-५ तासांत ते शरीरात निम्मे उरते. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत यकृताचे हे काम मंदावते आणि जवळजवळ तिप्पट वेळ लागतो. वहिनींना आठवा लागला आहे, त्यामुळे चारच्या चहाने त्या मध्यरात्रीपर्यंत जाग्या राहतात, यात आई म्हणते तसे नखरे कसले? आईला एवढे सांगा, आणि दुपारनंतरचा वहिनींचा कप तिनेच खुशाल प्यावा.

आपली लेक