लॅपटॉप भंगारात देऊ नका, बाबा

जेल रोड, नाशिक रोड
१८ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही दादाकडे बंगळूरला, मी दोन दिवस रिकाम्या घरात, आणि समोर बाबांचा लॅपटॉप. न विचारता उघडला, हे आधीच कबूल करते. बाबा, लगेच फोन लावू नका, शेवटपर्यंत वाचा. तुमचं काहीही पुसलेलं नाही.

दुकानदार म्हणाला होता ना, सीडी ड्राइव्ह गेलाय, आता यात विंडोज टाकता येणार नाही, नवीनच घ्या? ड्राइव्ह गेलाय हे खरं. पण सिस्टिम टाकायला हल्ली सीडी लागतेच कुठे! पेन ड्राइव्ह पुरतो. खरी अडचण वेगळीच होती. तुमच्या विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झाले. २०२३ पासून क्रोमही त्यावर नवा येत नाही. बँकेची साइट रुसली ती त्यामुळे, आणि तुम्ही बिचाऱ्या राउटरला बडवत होतात. विंडोज १० सुद्धा गेल्या ऑक्टोबरात संपलं. ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती तुमच्या २०१२ च्या मशीनमध्ये नाही. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे, पण चोरीचं नाही. नोटांच्या प्रेसमध्ये जन्म गेलेल्या माणसाच्या घरात नकली विंडोज आणायची माझी हिंमत नव्हती.

‘केलंस कसं?’ हे तुम्ही विचारणारच. मिंटची फाइल माझ्या लॅपटॉपवर उतरवली, जवळपास ३ जीबीची. घाईघाईत ती तशीच पेन ड्राइव्हवर कॉपी केली आणि तुमचा लॅपटॉप ढिम्म. फाइल नुसती ठेवून भागत नाही. रूफस नावाच्या छोट्याशा प्रोग्रामने ती पेन ड्राइव्हवर लिहावी लागते, तेव्हा कुठे मशीन त्यावरून सुरू होतं. त्यात पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं, म्हणून माझाच वापरला. मग बटण दाबल्या दाबल्या एफ १२ वर टकटक करत राहायचं. तीनदा वेळ चुकली. चौथ्यांदा कशावरून सुरू करायचं याची यादी आली, तोवर चहा गार.

मिंटची गंमत अशी की ते आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, कीबोर्ड सगळं तपासलं, मगच पुढे गेले. तुमची जुनी हार्ड डिस्क काढून त्या जागी एसएसडी, म्हणजे खूप वेगवान नवी डिस्क, बसवली आहे. आता लॅपटॉप चालू करून दात घासायला जाता येणार नाही, तेवढ्यात तो सुरू झालेला असेल. जुनी डिस्क कपाटात, एलआयसीच्या फायलींखाली पाकिटात आहे. तिच्यावरचं सगळं तसंच्या तसं, आणि नव्या डिस्कवर एक प्रत.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो सोसायटीच्या पत्रांनी. उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! पोटात गोळाच आला. मग लक्षात आलं, तुम्ही सगळं जुन्या शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलंय. तो युनिकोड नाही, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशी ती पद्धत नाही. फॉन्ट नसला की मराठी दिसत नाही, नुसती खिचडी दिसते. जुन्या डिस्कवरून फॉन्ट आणून टाकला आणि ‘मा. अध्यक्ष यांस’ अगदी सरळ उमटलं. पण यापुढे कृपा करून युनिकोडमध्येच टाइप करा. नाहीतर तुमची पत्रं दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाहीत आणि तुम्ही म्हणाल, कोणी उत्तरच देत नाही.

वर्डच्या जागी लिबरऑफिस आहे. पहिले आठ दिवस चिडाल, मग सवय होईल. छापायला प्रिंटर चालतो, स्कॅनर अजून नाही. ते मी पुढच्या खेपेला बघते, तुम्ही खटाटोप करू नका. पासवर्ड जुनाच, तुम्हाला माहीत असलेला.

आई, आता तुझ्यासाठी. त्या सीडी ड्राइव्हला पुढे एक बारीक भोक असतं. त्यात सरळ केलेली पेपरक्लिप खुपसली की अडकलेला ट्रे बाहेर येतो. आला, आणि त्यात तुझी आरत्यांची सीडी निघाली. तीच, जी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी नेली आणि परत केली नाही म्हणून तू सहा वर्षं जिन्यात त्यांच्याशी तुटक बोलतेस. पुसून देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे. मी उद्या सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने निघते. रथसप्तमी रविवारी आहे, तोवर तुम्ही येताच आहात. काकूंना हळदीकुंकवाला बोलव, तिळगूळ दे आणि सीडीचं तूच सांग. मी नाही सांगणार.

तुमची,
धाकटी