आजारी धावपटूची नोंदणी पुढे ढकला

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

थंडी पडली की डोंगरवाटांवरच्या शर्यतींच्या बातम्या येतात, विजेत्यांच्या वेळा छापल्या जातात. अंगात कसर असताना धावणाऱ्यांबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. सिंहगड-राजगड-तोरणा वाटेवर मित्रांबरोबर मी धावलो, तेव्हा छातीत कफ होता. नोंदणीचे पैसे परत मिळत नाहीत, गाडी सगळ्यांची मिळून ठरलेली. मग मागे कोण राहणार?

गुंजवण्यातून राजगडाच्या चढाला लागलो आणि श्वास पुरेना. एकाने पाकीट फोडून आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाची गोळी पुढे केली, "घे रे, काही होत नाही." (गटात असा एक डॉक्टर असतोच!) अंगातलं पाणी घटलेलं असताना ही गोळी मूत्रपिंडांना बाधू शकते, आणि विषाणूच्या तापात जोर केल्यास हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याची भीती असते. मी खाली उतरलो. गावातल्या मावशींनी मीठ घातलेलं ताक दिलं. मित्र पुढे गेले, तेही बरंच झालं.

आयोजकांनी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवणाऱ्याची नोंदणी पुढच्या वर्षी चालवून घ्यावी. छातीवरचा क्रमांक देतानाच "ताप आहे का?" हेही विचारावं.

आपला,
एक वाचक, धायरी, पुणे