घुंगरू हरवलं, गोष्टही हरवली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या बालपुरवणीत 'वय ३ ते ५' अशी चिठ्ठी लावून करडाच्या घुंगराची गोष्ट छापलीत, आभार. बालकथा लिहिणाऱ्यांनी टीव्हीवरच्या चिमुकल्यांच्या कार्यक्रमांकडून शिकावं, असा लेखही शेजारीच होता. पान लावणाऱ्यानं तो वाचला असता तर बरं झालं असतं.

करडू विचारतं, "गाईमावशी, गाईमावशी, माझं घुंगरू पाहिलंस का गं?" गाय म्हणते, "नाही रे बाळा, पुढे विचार." छान. तीन वर्षांचं मूल इथे सावरून बसतं. आणि पुढची ओळ? "याप्रमाणे त्याने म्हैस, बदक व कोंबडी यांनाही विचारले, परंतु उपयोग झाला नाही." काटछाट लेखकाची की उपसंपादकाची, देव जाणे, भाषा मात्र पतसंस्थेच्या इतिवृत्ताची आहे.

अहो, ते पुन्हा पुन्हा विचारणं हीच तर गोष्ट होती! म्हशीला तेच वाक्य, बदकाला तेच वाक्य, एक शब्दही इकडचा तिकडे न करता. दुसऱ्या खेपेला मुलांचे ओठ हलतात. तिसऱ्या खेपेला वाचणाऱ्यानं "बदककाका, बदककाका" एवढंच म्हणून थांबायचं; उरलेलं मुलं पुरं करतात. वाक्य सहा-सात शब्दांचं असावं, त्याहून लांब तोंडात बसत नाही. 'विचारलं'च्या जागी 'चौकशी केली', 'पृच्छा केली' हे दहावीच्या निबंधासाठी राखून ठेवा. चौथ्याला, म्हणजे कोंबडीशी, उत्तर बदलायचं: "खुराड्यात काहीतरी खुळखुळतंय बाई!" पाचवा प्राणी आणलात की ऐकणारे उठून जातात.

लेखानं ज्यांचे गोडवे गायले त्या कार्यक्रमांतून हेच घ्यायचं होतं. १९९६ साली निकलोडियन या अमेरिकेतल्या मुलांच्या वाहिनीवर 'ब्लूज क्लूज' हा चिमुकल्यांचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवत. सूत्रधार प्रश्न विचारायचा आणि कॅमेऱ्याकडे बघत थांबायचा. तेच तेच पाहून मुलं कंटाळली नाहीत, उलट जास्त ओरडून उत्तरं द्यायला लागली. आपल्या लेखात मात्र रंग, गाणी आणि 'वेगवान कथानक'! १९६९ च्या 'सेसमी स्ट्रीट' या तिकडच्याच बालकार्यक्रमासाठी संशोधक एडवर्ड पामर टीव्हीशेजारी दर साडेसात सेकंदांनी बदलणाऱ्या स्लाइड लावत आणि मुलाची नजर कधी तिकडे वळते हे टिपून ठेवत. बालवाडीत हे फुकटात होतं. सतरंजीच्या कडेला ठोकळ्यांची टोपली ठेवा, गोष्ट वाचा, मुलं टोपलीकडे वळली त्या ओळीवर पेन्सिलीनं खूण करा. दुसऱ्या गटातही खूण तिथेच आली तर ओळ काढून टाका. बहुधा ती रम्य पहाटेच्या वर्णनाची निघते.

चित्राबद्दल तर काय बोलावं! गोष्टीच्या डोक्यावरच खुराड्यात लखलखणारं घुंगरू. या वयाचं मूल अक्षरं नाही, चित्र वाचतं. त्याला पहिल्या ओळीआधीच शेवट कळला. मुलाला दिसतंय आणि करडाला दिसत नाही, अशी गंमत करता येते, पण मग गवतातून नुसती कडा डोकावावी. पुस्तकात प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी ठेवतात आणि उत्तर पान उलटल्यावर देतात. तुम्ही शेवटचं चित्र 'पान ४ वर' नेऊ शकला असता. पुढाऱ्यांच्या भाषणांची शेपटं नेता की!

शिवाय चौकटीत 'तात्पर्य : आपल्या वस्तू जपाव्यात.' दोरी तुटून घुंगरू पडलं, यात करडाची काय चूक?

जाता जाता, त्याच पानावरचं 'रंगवा पाहू' चित्र. आगपेटीएवढा हत्ती, त्यावर झूल, झुलीवर नक्षी. चार वर्षांचं मूल मेणखडू मुठीत धरतं, रेघ बोटाएवढी जाड उमटते. नक्षीच्या एका पाकळीत ती मावायची कशी? जोर लावला की तुमचा कागद फाटतो तो वेगळाच. हत्तीला अर्धं पान द्या, नक्षी काढून टाका आणि खालची शिकवणीवर्गाची जाहिरात मोठ्यांच्या पानावर हलवा.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका