अकरा महिन्यांत गाव आपलं होत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शहरातली भाडी झेपेनात म्हणून तालुक्याच्या गावी राहायला जाणाऱ्या माणसांबद्दल अलीकडे बरंच छापून येतं. निम्मं भाडं, नदी, झाडं, मोकळी हवा. हे सगळं खरं आहे. मी स्वतः दीड वर्षापूर्वी आईला घेऊन पुण्याहून वाईला आले आणि आल्याचा मला आनंदच आहे. पण असं लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांचं गावी स्वतःचं घर असतं, नाहीतर ते घेण्याची ऐपत असते. आमचं तसं नव्हतं. आम्ही पुण्यातही भाडेकरू होतो आणि इथेही भाडेकरूच आहोत. भाडेकरूने गाव बदलायचं ठरवलं तर त्याच्या वाट्याला काय येतं, ते कुठेच वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र.

मी छप्पन्न वर्षांची आहे. घरूनच डीटीपीचं काम करते, शाळांच्या स्वाध्यायपुस्तिका जुळवते. आई अठ्ठ्याहत्तरची. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात आम्ही एकवीस वर्षांत सहा घरं बदलली. शेवटच्या घराचं भाडं साडेपंधरा हजार होतं आणि शेजारची जुनी इमारत पाडून नवी उभी राहत होती. दिवसभर ब्रेकर चालायचा, रात्री बारानंतर वाळूचे डंपर यायचे. आईला झोप लागेना. रक्तदाबाच्या गोळ्या वाढल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जमत असेल तर जागा बदला." कामाला मला नेट आणि वीज पुरते, मग पुण्यातच राहायचा हट्ट कशाला, असा विचार केला.

भोर, शिरवळ, वाई आणि कोरेगाव या चार गावांत फिरले. शिरवळला कारखान्यांमुळे कामगारांची मागणी मोठी, त्यामुळे भाडी चढलेली. कोरेगावला रेल्वे आहे, घरंही बरी होती, पण माझं तिथे ओळखीचं कुणीच नव्हतं. वाईला माझी एक शाळेतली मैत्रीण राहते. शिवाय आईला कृष्णेचा घाट दिसला आणि तिने तिथेच ठरवून टाकलं.

घर शोधायला मोबाइलवरच्या जाहिराती इथे फारशा उपयोगी पडत नाहीत. त्यांवर दिसतात ती बंगलेवाल्यांची घरं किंवा विकायचे प्लॉट. दोन खोल्या, मोरी आणि पुढे ओटा असलं घर हवं असेल तर गंगापुरी, मधली आळी, रविवार पेठ अशा ठिकाणी पायी हिंडावं लागतं. पिठाच्या गिरणीत विचारायचं, पेपरवाल्याला विचारायचं. दुधाचा रतीब घालणाऱ्याला तर कुठलं घर कधी रिकामं होणार हे घरमालकाच्याही आधी माहीत असतं. पहिलं घर मला त्यानेच सांगितलं. भाडं सात हजार, अनामत पंचवीस हजार. घरमालक म्हणाले, "करार कशाला ताई? गावात आम्ही शब्दावर चालतो." मला ते बरं वाटलं. शहरातला कागदी कारभार मागे टाकून आले होते ना!

आठव्या महिन्यात त्याच घरमालकांनी पंधरा दिवसांत घर रिकामं करायला सांगितलं. कारण त्यांनी लपवलं नाही. पाचगणी आणि महाबळेश्वर घाटाच्या वर आहेत. सुट्टीत तिथे खोल्या मिळत नाहीत किंवा परवडत नाहीत, म्हणून पर्यटक खाली वाईत उतरतात. मी महिनाभराचं जे भाडं देत होते, ते त्यांना दोन शनिवार-रविवारांत मिळणार होतं. हिशेब त्यांच्या बाजूने सरळ होता, त्यावर मी काय बोलणार? पण अनामतीतले नऊ हजार त्यांनी रंगकामाचे म्हणून कापून घेतले. भिंतींना आम्ही एक खिळाही ठोकला नव्हता, तरी हातात कागद नव्हता म्हणून मी गप्प बसले.

ती माझी चूक होती, कारण कायदा माझ्या बाजूने होता आणि मला तो ठाऊक नव्हता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार लेखी असलाच पाहिजे आणि त्याची नोंदणी झालीच पाहिजे. ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. न केल्यास घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदवलेला करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवायचं ओझं घरमालकावर पडतं. पंचवीस वर्षांचा हा कायदा. एकवीस वर्षं मी पुण्यात नोंदवलेल्या करारांवर सह्या केल्या, पण त्यामागे एवढा आधार आहे हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

संपादक महाशय, या पत्रातला माझा मुख्य मुद्दा मात्र पुढचा आहे. करार झाला तरी तो अकरा महिन्यांचाच का?

एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, असं १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. ती टाळायला देशभर अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. पण महाराष्ट्रात कलम ५५ मुळे अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागतेच. म्हणजे ज्या कारणासाठी अकरा महिने सुरू झाले ते कारण आपल्या राज्यात उरलेलंच नाही, आकडा तेवढा राहिला आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो आणि मुद्रांक शुल्काचा दर तितकाच पडतो, म्हणजे एकूण भाडं आणि अनामतीवरचं वार्षिक दहा टक्के धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का.

माझ्या आताच्या घराचा हिशेब देते. भाडं साडेसहा हजार, अनामत वीस हजार, मुदत ३६ महिने. एकूण भाडं दोन लाख चौतीस हजार, त्यात अनामतीवरचं तीन वर्षांचं सहा हजार मिळवलं की दोन लाख चाळीस हजार. मुद्रांक शुल्क ६०० रुपये, नोंदणी फी १००० रुपये. वर एजंटाची फी आणि किरकोळ हाताळणी शुल्क. हाच करार अकरा-अकरा महिन्यांचा केला असता तर नोंदणीचे हजार आणि एजंटाची फी तेवढ्याच काळात तीनदा-चारदा गेली असती.

मग घरमालक घाबरतात कशाला? या प्रश्नाचं उत्तर मला आताच्या घरमालकीणबाईंकडून मिळालं. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, आम्ही दोघी त्यांना काकू म्हणतो. त्या म्हणाल्या, "आमच्या हयातीत पुण्या-मुंबईत भाडेकरूंनी घरं बळकावलेली पाहिलीत हो." त्यांचं म्हणणं खोटं नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार चालू होता, त्यांना तेव्हाच्या मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने एका फटक्यात भाडेकरूचा दर्जा दिला. अकरा महिन्यांसाठी आत घेतलेला माणूस कायमचा बसला, असं ज्यांच्या घरात घडलं त्यांची मुलं-नातवंडंही ते विसरलेली नाहीत. पण आताचा कायदा तसा नाही. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर १९९९ च्या कायद्याचं कलम २४ आहे. त्याखाली घरमालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सरकारने यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि राहणाऱ्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. म्हणजे नोंदवलेला करार माझ्याइतकाच काकूंनाही सांभाळतो. हे मी त्यांना दोन संध्याकाळी बसून समजावलं. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन लावला आणि म्हणाल्या, "तीन वर्षांचा करू. दरवर्षी नवं माणूस, नवं कुलूप, नको झालंय."

नोंदणीसाठी कचेरीत जावं लागलं नाही. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन ओट्यावरच आला. माझा अंगठा लगेच लागला, काकूंचा लागेना. आयुष्यभर भांडी घासून आणि राख-माती हाताळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. एजंटाने ओल्या फडक्याने अंगठा पुसला, कोरडा केला, पुन्हा दाबला. नाही. मग तर्जनी, मग मधलं बोट. चाळीस मिनिटं गेली. काकूंचा चेहरा पडला, जणू काही त्यांच्याच हातून चूक होत होती. शेवटी आईने खोबरेल तेलाचा एक थेंब त्यांच्या डाव्या अनामिकेला चोळला, पदराने पुसला आणि म्हणाली, "आता लावा." हिरवा दिवा लागला. समोरच्या घरातल्या दोघींनी साक्षीदार म्हणून बोटं टेकवली आणि मग सगळ्यांचा चहा झाला.

त्या कागदाने आमचं काय बदललं, तेही लिहिते. बँकेत पत्ता बदलला. गॅस इथल्या वितरकाकडे आला. मतदार यादीतला पत्ता बदलायला नमुना ८ हा अर्ज भरला. पहिल्या आठ महिन्यांत यातलं एकही झालं नव्हतं, कारण आम्ही इथे राहतो याचा कुठलाच पुरावा नव्हता. आईला तपासणीसाठी दर दोन महिन्यांनी साताऱ्याला न्यावं लागतं. एसटीत पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट, त्यामुळे तो खर्च जाणवत नाही. पण इथले डॉक्टर, औषधवाला, रिक्षावाला हे ओळखीचे व्हायलाच वर्ष जातं. घाटावर संध्याकाळी बसणाऱ्या बायकांत आईला जागा मिळाली ती सहाव्या-सातव्या महिन्यात. कृष्णाबाईच्या उत्सवाला कोणत्या घाटाचा मान कधी असतो, हे आता कुठे तिला पाठ झालंय. आणि बरोबर अकराव्या महिन्यात "घर सोडा" म्हटलं, तर म्हाताऱ्या माणसाने हे सगळं पुन्हा कुठून सुरू करायचं?

शांततेबद्दलही एक सांगायला हवं, कारण त्यासाठीच तर आलो. वाई आठवड्याचे पाच दिवस शांत असते. शनिवार-रविवारी पसरणी घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, मिरवणुकीत डीजेही असतो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा नियम २००० सालापासून आहे, तो इथेही पाळला जावा एवढीच अपेक्षा. पण पहाटे पाचला नदीकडून नुसत्या कावळ्यांचा आवाज येतो आणि आई सात तास झोपते. तिची एक गोळी कमी झाली आहे.

गावात येऊ इच्छिणाऱ्या भाडेकरूंना माझं कळकळीचं सांगणं आहे, की शब्दावर घर घेऊ नका, माणूस कितीही भला वाटला तरी. आधी भाड्याची घासाघीस करण्यापेक्षा मुदतीची करा. मी काकूंकडे पाचशे रुपये कमी मागितले नाहीत, दोन वर्षं जास्त मागितली. अनामतीचंही तसंच. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरतीच असावी, असं म्हटलं आहे. आदर्श कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, हे खरं. पण बोलणी करताना तो आकडा पुढे ठेवायला काहीच हरकत नाही.

घरमालकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पर्यटकांचे पैसे त्यांनी का सोडावेत? पण वाईसारख्या गावात राहती घरं एकेक करून शनिवार-रविवारच्या खोल्या होऊ लागली, तर इथल्या शाळेतल्या नव्या शिक्षिकेला, दवाखान्यातल्या परिचारिकेला, बँकेत बदलून आलेल्या कारकुनाला घर कुठे मिळणार? नगरपरिषदेने किमान कोणती घरं पर्यटकांसाठी चालतात याची नोंद ठेवावी आणि त्यांना पाणी, कचरा यांचे दर धंद्याचे लावावेत. माझ्यासारख्या भाडेकरूला मग पर्यटकांकडून होणारी कमाई आणि महिन्याचं भाडं या दोन्ही हिशेबांतलं अंतर थोडं तरी कमी झालेलं दिसेल.

आणि एक विनंती मुद्रांक व नोंदणी विभागाला. आमच्या ओट्यावर त्या दिवशी मशीन आलं, तेव्हा गल्लीतल्या दोन घरमालकांनी डोकावून विचारलं, "आमचंही होईल का?" दोघांकडे तीन-तीन वर्षांपासून भाडेकरू आहेत, कागद एकाकडेही नव्हता. करार नको असं त्यांचं मुळीच नव्हतं, कुठे जायचं आणि किती लागतील हेच माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात तोच एजंट येऊन दोन्ही करार नोंदवून गेला, एक २४ महिन्यांचा आणि एक ३६ चा. विभागाने तालुक्याच्या गावी महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, नगरपरिषदेच्या सभागृहात असं मशीन आणि एक माहीतगार कर्मचारी बसवावा. बाहेर फलकावर मुदत, शुल्क आणि कलम ५५ मोठ्या अक्षरात लिहावं. ज्यांची बोटं लागत नाहीत अशा वृद्धांसाठी दुसरी सोय ठेवावी, त्यांना चाळीस मिनिटं अपराध्यासारखं बसवू नये.

आपली नियमित वाचक,
एक भाडेकरू,
गंगापुरी, वाई (जि. सातारा)