पत्ते तेच, पार गेला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा आखाजीला आमच्या गावात पोलिसांची गाडी आली. वडाजवळच्या रस्त्यावर घोंगडी टाकून बसलेले सात-आठ म्हातारे हातातले पत्ते टाकून धोतर सावरत उठले. साहेब भले होते, "बाबा, घरी जा" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे फोटो पडले, त्यावर पुष्पगुच्छांचा पाऊस पडला, गाव म्हणे व्यसनमुक्तीकडे चाललं. माझी पिठाची गिरणी त्या वडासमोरच आहे. तीस वर्षं तिथूनच गाव बघतोय, म्हणून हे पत्र.

खान्देशाबाहेरच्या वाचकांना सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तिचा थाट दिवाळीएवढा. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल त्या दिवशी संपतं आणि नवं ठरतं, म्हणून मधले दोन-तीन दिवस तो कुणाचाच चाकर नसतो. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई बसते. आणि पुरुषांना पत्त्यांची मुभा. एरवी पोराच्या हातात पत्ता दिसला तर काठी उगारणारा बाप त्या दिवशी शेजारी बसून "हुकूम टाक, हुकूम" म्हणायचा.

जुगाराविरुद्धचा १८८७ चा कायदा तेव्हाही होता, आणि सगळं गोड होतं असंही नाही. मी आठवीत असताना माझे काका एका रात्रीत घरचा गोऱ्हा हरले. आजीला कुणीतरी उठवून सांगितलं. ती काठी टेकत पारापर्यंत आली, कंदिलाच्या उजेडात उभी राहिली आणि पन्नास माणसांसमोर एकच शब्द बोलली, "ऊठ." काका उठले. सकाळी चार जाणत्यांनी जिंकणाऱ्याला गोऱ्हा परत द्यायला लावला. त्या बदल्यात काकांनी आठ दिवस त्याच्या शेतात वखर हाकायचा, असं ठरलं. गाव त्यावर पुढची दहा वर्षं हसलं. काकाही हसायचे.

आता दुसरी गोष्ट. आमच्या भावकीतला एक पंचविशीतला पोरगा दळण घेऊन यायचा. पिशवी ठेवली की कोपऱ्यातल्या पोत्यावर बसून मोबाईलमध्ये डोकं. मला वाटायचं, नोकरीचे फॉर्म भरत असेल. तो रमी खेळत होता. पानं तीच बावन्न. आधी कपाशीचे आलेले पैसे गेले, मग कर्ज देणारी ॲपं आली. बापाला कळलं ते माझ्यामुळे, कारण वसुलीवाल्याने पोराच्या मोबाईलमधून माझा नंबर काढून गिरणीवर फोन केला. दोन लाख चाळीस हजार! त्याची आई कुडाच्या भिंतीपलीकडे झोपते, पण तिलाही कधी चाहूल लागली नाही. पारावर कुणी हरलं की आरडाओरडा व्हायचा, कुत्री भुंकायची. इथे आजीने काठी टेकत जायचं तरी कुठे?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. फार उशिरा, पण बरं केलं. पोराचं ॲप बंद पडलं, अंगठा काही थांबेना. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काहीतरी सरकवत बसायचा. विचारलं तर म्हणे, "झोप येस नही ना आबा." शेवटी गिरणीच्या ओट्यावर बसूनच आम्ही टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या, १४४१६ वर फोन लावला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पलीकडच्या ताई बराच वेळ बोलल्या. मग त्यांनी विचारलं, रोज तू कुणाजवळ बसतोस? पोरगा बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "गिरणीवर." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिरणीच्या घरघरीत मी त्याच्याशी "किती किलो?" याखेरीज बोललो होतो का कधी?

नंतर बापाने बँकेतून पासबुक छापून आणलं. पानामागून पान, नव्याण्णव, दोनशे, पाचशे, रोज. मध्येच दोन दिवस कोरे. तारखा जुळवल्या तर तो कानबाईचा, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या श्रावणातल्या सणाचा, रविवार-सोमवार निघाला. रोटाचं, म्हणजे तिच्या नैवेद्याचं, दळण दळायच्या आधी गिरणी धुवावी लागते. त्या वेळी हा बादल्या भरून देत होता, जात्याची पाळी घासत होता. रविवारी रात्रभर जागरणात होता, सोमवारी कानबाईपुढे नदीपर्यंत नाचत गेला, बायाबापड्यांबरोबर फुगड्या घातल्या. त्याला विचारलं, तेव्हा नाही आठवलं का रे? म्हणे, मोबाईल कुठे ठेवला होता तेच ध्यानात नव्हतं.

कानबाईने पोरगा बरा केला, असं मी म्हणणार नाही. मंगळवारच्या रकान्यात पुन्हा नव्याण्णव रुपये आहेतच. शिवाय रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही, त्यामुळे ज्यांचं घर गावात एकटंच आहे त्यांनी काय करायचं, हाही प्रश्न आहे. आणि वरातीतला डीजे म्हणजे मोकळं होणं, असं तरुण मंडळी म्हणतात. त्या दणक्यात शेजारचा रडतोय की गातोय तेही कळत नाही. म्हातारपणाची कुरकुर समजून हे सोडून द्या.

माझी मागणी छोटी आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या पाराचं सुशोभीकरण झालं. फरशी बसली, रंग लागला, भोवती पुरुषभर उंच लोखंडी जाळी आली आणि तिला कुलूप. लोक बसून घाण करतात म्हणे. म्हणून आखाजीला म्हातारे रस्त्यावर बसले होते, हे फोटो टाकणाऱ्यांनी लिहिलं नाही. ते कुलूप रोज संध्याकाळी पाच ते दहा उघडावं. पत्ते नको असतील तर नका खेळू देऊ, पण बसू द्या. झाडलोट मी करीन, तसा अर्ज मी ग्रामपंचायतीत दिलाय. किल्ली शिपायाकडे आहे असं ग्रामपंचायत म्हणते आणि शिपाई म्हणतो, सरपंचांकडे.

आपला,
एक गिरणीवाला,
ता. एरंडोल, जि. जळगाव