खेळाडूंना वेगळं पुस्तक द्या, पण बारकं द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमवरचा (टेबलाभोवती बसून, प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट खेळायची तो प्रकार) तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, मस्त होता, पण जाता जाता लेखकानं एक वाक्य टाकून दिलंय की नवीन गेम काढणाऱ्यांनी खेळाडूंसाठी वेगळं रूलबुक छापायच्या भानगडीत पडू नये, एकच जाडजूड पुस्तक काढून मोकळं व्हावं. हे काही पटलं नाही बुवा. एक पुस्तक की दोन हा प्रश्न वरवर छपाईचा वाटतो, पण त्याचं उत्तर टेबलावर मिळतं, तिथे काय चालतं ते आधी बघा.

पाच जण बसलेत, एक गेम मास्टर (म्हणजे गोष्ट चालवणारा, राक्षसांच्या बाजूनंही खेळणारा), चार खेळाडू, आणि पुस्तक एक. पहिलीच बैठक आहे, प्रत्येकाला आपापलं कॅरेक्टर बनवायचंय. एकीला स्पेल म्हणजे जादूचे मंत्र निवडायचेत म्हणून ती पुस्तकाच्या मागच्या भागात घुसलीये, दुसऱ्याला त्याच वेळी चिलखत कितीला पडतं ते बघायचंय म्हणून तो तिच्या खांद्यावरून डोकावतोय, तिसऱ्यानं कंटाळून मोबाईल काढलाय आणि चौथा भडकलाय कारण त्यानं बोट घालून धरलेलं पान कुणीतरी मिटवलं. फासे अजून पिशवीतच. बरं खेळ सुरू झाल्यावर तर अजून मजा, कारण आता गेम मास्टरलाही तेच पुस्तक हवंय, त्याला राक्षसाचे आकडे बघायचेत आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी विचारतं, "अरे माझा हा स्पेल किती लांब जातो?" तो बिचारा पुस्तक सरकवतो, आणि राक्षसाचं पान उघडंच राहिलेलं असतं. झालं, पुढच्या खोलीत काय बसलंय ते सगळ्यांना कळलं.

त्यामुळे माझं मत सरळ आहे, वेगळं पुस्तक काढाच. फक्त ते कशासाठी काढतोय हे डोक्यात पक्कं पाहिजे, कारण चुकीच्या कारणासाठी काढलेली वेगळी पुस्तकंही या खेळानं भरपूर पाहिलीत.

हा छंद ज्याच्यापासून सुरू झाला ते डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं ते मुळात एका डब्यात तीन छोट्या पुस्तिका असं होतं, पहिलीत माणसं आणि जादू, दुसरीत राक्षस आणि खजिना, तिसरीत तळघरं आणि रानावनातली भटकंती. म्हणजे वाटणी पहिल्यापासूनच आहे, पण ती विषयानुसार, कोण वाचणार त्यानुसार नाही. मग अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्ती आली, तिचं प्लेयर्स हँडबुक १९७८ सालचं आणि गेम मास्टरसाठीचं डंजन मास्टर्स गाइड १९७९ सालचं, आणि इथे मात्र गंमत झाली. हल्ला लागला की नाही हे ठरवायचे तक्ते, विष किंवा जादूपासून वाचायला किती पडायला हवेत ते आकडे, हे सगळं गाइडमध्ये टाकलं, म्हणजे तलवार खेळाडूनं चालवायची, फासा त्यानं टाकायचा आणि तो लागला का हे मात्र पलीकडच्या माणसानं आपल्या पुस्तकात बघून सांगायचं! वर खेळाडूंनी ते दुसरं पुस्तक वाचू नये अशीही अपेक्षा.

यातला घोळ असा की नियम आणि गुपित या दोन गोष्टी एकाच पेटीत कोंबल्या. पत्ते खेळताना हुकूम कसा चालतो हे सगळ्यांनाच माहीत असतं, लपवायचे असतात ते फक्त हातातले पत्ते. तसंच इथे तळघरात काय आहे, सरदार मनातून कुणाच्या बाजूचा आहे, त्या राक्षसाला कशाची भीती वाटते हे लपवा ना खुशाल. पण उडी मारायला फासा कसा टाकायचा हे लपवून काय मिळणार? १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते लढाईचे आकडे गुपचूप खेळाडूंच्या पुस्तकात आलेच की. (पॅरानोइया नावाचा १९८४ सालचा गेम आहे ज्यात खेळाडूला नियम माहीत असणं हाच राजद्रोह, पण तो मुद्दाम केलेला विनोद आहे, त्याचं उदाहरण कुणी देऊ नका.)

मला विचाराल तर सगळ्यात नेमकं जमलेलं वेगळं पुस्तक म्हणजे १९८३ सालचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा तो लाल डबा. त्यात खेळाडूंची पुस्तिका ६४ पानांची आणि मास्टरची ४८ पानांची. पण पानांपेक्षाही भारी गोष्ट म्हणजे खेळाडूंची पुस्तिका सुरूच होते एका गोष्टीनं, एकट्यानं वाचायची, वाचता वाचता फासे टाकायचे, साप येतो, जखम होते, कुणीतरी मदतीला येतं आणि पुढे मारलंही जातं, आणि गोष्ट संपेपर्यंत हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) काय, हल्ला काय हे न शिकवता कळलेलं असतं. जाड एकत्र पुस्तकात हे सहसा कुणी करत नाही कारण ते पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर कायम गेम मास्टर असतो. वाचणारा वेगळा ठरवला की लिहिणं आपोआप बदलतं, आणि हा फायदा छपाईच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती पण खरी आहे. प्रकाशकाला मोह होतो. प्रत्येक टेबलावर मास्टर एक आणि खेळाडू चार-पाच, म्हणजे खेळाडूंचं पुस्तक चौपट खपेल असा हिशेब मांडला जातो, मग ते पुस्तक 'भरगच्च' करायला त्यात इतिहास, नकाशे, पोशाखांची चित्रं, अजून वीस प्रकारचे योद्धे असं काहीबाही घालतात आणि ते मूळ पुस्तकाइतकंच जाड होऊन बसतं. कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या गेमच्या सातव्या आवृत्तीत खेळाडूंचं इन्व्हेस्टिगेटर हँडबुक वेगळं आहे, छान पुस्तक आहे, १९२० च्या दशकाची माहिती आहे, खूप सारे व्यवसाय आहेत, पण कॅरेक्टर बनवण्यापासून सगळे नियम कीपरच्या (तिथे गेम मास्टरला कीपर म्हणतात) पुस्तकात आहेतच त्यामुळे ते नसलं तरी खेळ अडत नाही. हौस म्हणून ठीक, पण तुमच्या लेखकाला चीड येते ती अशाच पुस्तकांची असावी आणि ती मला समजते.

उलटं उदाहरण पाथफाइंडर या गेमचं. २०१९ साली दुसरी आवृत्ती आली ती ६४० पानांची एकच वीट होती, खेळाडू आणि मास्टर दोघांचे नियम आत, आणि २०२३ च्या शेवटी तेच नियम पुन्हा नीट लावून छापायची वेळ आली तेव्हा त्यांनी प्लेयर कोअर आणि जीएम (गेम मास्टर) कोअर अशी दोन पुस्तकं केली. डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांच्या लायसन्सच्या भांडणामुळे पुन्हा छापावंच लागणार होतं हे खरं, पण वीट परत वीटच ठेवता आली असती ना, नाही ठेवली.

मग काप कुठे मारायचा? माझ्या मते ज्याच्या हातात फासा त्याच्या पुस्तकात नियम, बस. यात अवघड जागा असतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतला ड्रूइड (प्राण्यांचं रूप घेणारा जादूगार) घ्या, तो लांडगा होतो, अस्वल होतो, आणि लांडग्याचे आकडे असतात राक्षसांच्या पुस्तकात. २०१४ च्या हँडबुकात काही मोजक्या प्राण्यांचे आकडे मागे परिशिष्टात दिले म्हणून निभावलं, पण बाकीचे प्राणी हवे असले की मॉन्स्टर मॅन्युअल उघडावंच लागायचं. नवीन गेम काढताना अशा जागा आधीच शोधून ठेवल्या पाहिजेत, आणि या जागा गेम लिहिणाऱ्याला स्वतःला दिसत नाहीत, त्याला सगळं पाठ असतं. फक्त खेळाडूंचं पुस्तक हातात देऊन चार अनोळखी लोकांना बसवा आणि गप्प बघत रहा, दर वेळी कुणी मास्टरच्या पुस्तकाकडे हात लांब केला की ते पान लिहून घ्या.

दोन्हीकडे लागणारे नियम दोन्हीकडे छापा. "हे दुसऱ्या पुस्तकात पाहा" हे वाक्य ऐन लढाईत वाचायला मिळालं की डोकं फिरतं. यात धोका आहे, एकीकडे दुरुस्ती केली आणि दुसरीकडे राहून गेली की टेबलावर दोन कायदे चालू होतात, म्हणून सामाईक मजकूर एकाच फाइलमधून दोन्ही पुस्तकात जाईल अशी सोय सुरुवातीलाच करा, नंतर हातानं मेळ घालत बसलात तर घोळ होणारच.

आणि गेमच छोटा असेल, सगळं मिळून शंभर पानं, तर मीही म्हणेन एकच पुस्तक काढा. १६-१६ पानांचे गठ्ठे (फॉर्म) मोजून छापणाऱ्याला दोन कव्हरं, दोन बांधण्या परवडत नाहीत. तिथे अपोकॅलिप्स वर्ल्डसारखं करता येतं, २०१० चा गेम, प्रत्येक खेळाडूला त्याच्या कॅरेक्टरची एक घडी घातलेली पत्रिका, त्यातच त्याला करता येणाऱ्या गोष्टी आणि निवडायचे पर्याय, ती भरली की तीच कॅरेक्टर शीट (कॅरेक्टरची माहिती लिहायचा कागद). खेळाडूंचं पुस्तकच आहे ते, फक्त पुस्तकासारखं दिसत नाही.

तेही जमत नसेल तर खेळाडूंची पानं तेवढी पीडीएफ करून फुकट सोडा. विक्री बुडेल म्हणून लोक घाबरतात, पण २०१४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांनी चार वर्ग (योद्धा, जादूगार वगैरे) आणि चार वंश (माणूस, एल्फ वगैरे) असलेले बेसिक नियम फुकट दिले आणि पाठोपाठ पुढच्याच महिन्यात ३२० पानांचं हँडबुक विकायला काढलं, आणि ते तुफान खपलं.

आपला,
एक वाचक, बहुतेक वेळा गेम मास्टर